आधी क्रियापद वाचावे : कविता, लिंगभाव आणि मराठीचा वर्ग

एका ग्रामीण महाविद्यालयात चार वर्षांपूर्वी मराठीच्या सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या तरुण शिक्षिकेने मला सविस्तर पत्र लिहिले आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला त्या कविता शिकवतात. कवितेच्या तासाला लिंगभावाची, म्हणजे समाजाने घडवलेल्या बाईपण-पुरुषपणाची, चर्चा आणली की विद्यार्थी उत्तरपत्रिकेत घोषणा लिहितात, मुलगे मान खाली घालून बसतात आणि कविता बाजूला राहते. चर्चा टाळली तर आपणच विषयाशी अप्रामाणिक वागलो असे वाटत राहते, अशी त्यांची अडचण आहे. या ओढाताणीत स्वतःची कविता जवळजवळ थांबली आहे, असेही त्यांनी शेवटी लिहिले असून सोबत एक अपुरी कविता पाठवली आहे. भाषा, लिंगभाव आणि कविता या तीन गोष्टी एका नोकरीत कशा सांभाळायच्या, हा त्यांचा प्रश्न आहे.

मी ३१ वर्षे मराठी शिकवले, त्यांतली शेवटची १४ वर्षे स्त्री-अभ्यासाच्या अभ्यासक्रमासह. तुमची अडचण मला पूर्ण ओळखीची आहे, आणि तिचे मूळ मला एका ठिकाणी दिसते. आपण या तीन गोष्टी तीन वेगळ्या कपाटांतून काढतो. आधी कवितेचा आशय सांगतो, मग भाषाशैलीच्या नावाखाली प्रतिमा आणि अलंकार मोजतो, आणि शेवटी पितृसत्ता, शोषण, अस्मिता हे शब्द वरून ठेवतो. विद्यार्थ्याला परीक्षेत वरचा थरच आठवतो, कारण तो तयार मिळालेला असतो. माझ्या अनुभवात हा गुंता सुटला तो व्याकरणाने. मराठीत बोलणाऱ्या व्यक्तीचे लिंग क्रियापदात उमटते, त्यामुळे कवितेतले क्रियापद नीट वाचले की भाषा, लिंगभाव आणि कविता एकाच ओळीत हाती लागतात.

जनाबाईंचा 'डोईचा पदर आला खांद्यावरी' हा अभंग बहुतेक वर्गांत शिकवला जातो, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत त्यावर 'जनाबाईंनी बंड केले' एवढेच वाक्य येते. ते वाक्य चूक नाही, परंतु ते लिहिण्यासाठी अभंग वाचावा लागत नाही. आता त्यातली क्रियापदे एकामागून एक पाहा. पहिल्या ओळीत पदर 'आला' आहे. जनाबाईंनी तो 'घेतला' किंवा 'टाकला' असे म्हटलेले नाही. वाक्याचा कर्ता पदर आहे आणि तो पुल्लिंगी आहे. पुढे 'भरल्या बाजारी जाईन मी' आणि 'हाती घेईन टाळ' असे भविष्यकाळ येतात. मराठीत 'मी जाते' आणि 'मी जातो' हे वेगळे होतात, पण 'मी जाईन' बाईनेही म्हणावे आणि पुरुषानेही. म्हणजे ज्या क्षणी ती भरल्या बाजारात जाण्याचा निश्चय उच्चारते, त्या क्षणी तिच्या क्रियापदावर बाई असल्याची खूणच नाही. नंतर 'पंढरीच्या पेठे मांडियेले पाल' येते. येथे क्रियापद पालाशी, म्हणजे तंबूशी, जुळते, मांडणारी वाक्याआड राहते. आणि या सगळ्यानंतर, शेवटच्या चरणात, 'जनी म्हणे देवा मी झाले वेसवा'. वेसवा म्हणजे वेश्या. 'झाले' हे या अभंगातले पहिले क्रियापद, ज्यात 'मी' बाई म्हणून प्रकट होते. आणि ते नेमके त्या शब्दाशेजारी येते, जो शब्द समाज बाजारात उभ्या राहिलेल्या बाईला लावणार आहे. समाजाने म्हणण्याआधी ती तो स्वतःला लावून घेते आणि थेट देवाला ऐकवते.

हे वाचन मी पहिल्यांदा वर्गात केले तेव्हा फळ्यावर फक्त पाच क्रियापदे लिहिली होती : आला, जाईन, घेईन, मांडियेले, झाले. पितृसत्ता हा शब्द त्या तासाला मी उच्चारला नाही. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की शेवटपर्यंत ती बाई असल्याचे का लपवते. दुसरीने उत्तर दिले की लपवत नाही, आधी रस्ता मोकळा करून घेते. मला त्या उत्तरात भर घालण्यासारखे काही सुचले नाही. येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. हे अभंग शतकानुशतके गायले गेले आहेत, त्यांचे पाठ बदलले आहेत, म्हणून एखाद्या रूपावर फार मोठा सिद्धान्त उभारू नये. समोरचा पाठ नीट वाचणे आणि जनाबाईंच्या मनात काय होते हे ठामपणे सांगणे, या दोन गोष्टींतले अंतर विद्यार्थ्यांना दाखवणे हाही शिकवण्याचाच भाग आहे.

हे जमण्यासाठी व्याकरणाचे दोन-तीन तास आधी खर्च करावे लागतात. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामले यांचा 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा ग्रंथ १९११ साली; आपल्याकडे लिंगविचाराची परंपरा जुनी आणि कसदार आहे. पण शाळेत लिंग म्हणजे 'तो, ती, ते' लावून पाहण्याचा खेळ एवढेच मुलांच्या लक्षात राहिलेले असते, आणि महाविद्यालयात 'लिंगभाव' हा शब्द आला की निम्मा वर्ग खाली बघून हसतो. त्या हसण्यावर रागावू नये. लिंग या संस्कृत शब्दाचा अर्थ खूण असा आहे, आणि व्याकरणाने, शरीरशास्त्राने व समाजाने त्या खुणेचे तीन वेगळे उपयोग केले आहेत, हे शांतपणे सांगितले की हसू आपोआप ओसरते.

मग मी विद्यार्थ्यांना उलट्या जागी बसलेले शब्द शोधायला सांगत असे. मिशी, दाढी आणि मर्दुमकी हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. पदर, चुडा, गजरा हे पुल्लिंगी आहेत. कुंकू, मंगळसूत्र, बाळंतपण, इतकेच काय बाईपण हा शब्दही नपुंसकलिंगी आहे. शब्दाचे लिंग आणि माणसाचे लिंग एक नव्हे, हे यातून विनासायास पटते. लगेच दुसरी यादी करावी, कारण पहिल्या यादीने विद्यार्थ्यांना वाटू लागते की व्याकरणाला समाजाचे काहीच देणेघेणे नाही. गाडा मोठा, गाडी लहान. सुरा मोठा, सुरी लहान. टोपला मोठा, टोपली लहान. आकाराने मोठी वस्तू पुल्लिंगी आणि तिचीच लहान, नाजूक आवृत्ती स्त्रीलिंगी, हा मराठीचा जुना परिपाठ आहे. विळा आणि विळी या जोडीत तर मोठेपणाबरोबर जागाही बदलते : विळा शेतात, विळी स्वयंपाकघरात. आणि विळ्याने गवत कापणारे हात आमच्या भागात बहुतकरून बायकांचेच असतात, हे एका शेतमजूर घरातल्या मुलीने वर्गाच्या लक्षात आणून दिले होते.

प्रथमपुरुषाकडे मात्र विशेष थांबावे, कारण कविता बहुधा तेथेच घडते. एकटी बाई 'मी गेले' म्हणते, एकटा पुरुष 'मी गेलो' म्हणतो. पण चार बायका मिळून गेल्या तर त्या 'आम्ही गेलो' म्हणतात, अगदी पुरुषांसारखेच. समूहात शिरताच प्रथमपुरुषातली स्त्रीत्वाची खूण गळून पडते. 'तू आलास' आणि 'तू आलीस' वेगळे, परंतु 'तुम्ही आलात' दोघांनाही सारखे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात तर बोलणारी व्यक्ती पूर्णच मागे सरते : 'मी भाकरी केली', 'मी स्वयंपाक केला', क्रियापद भाकरीशी आणि स्वयंपाकाशी जुळते, करणारीशी नाही. आत्मपर कविता वाचताना कवयित्रीने यांपैकी कोणती वाट निवडली आहे, हे पाहणे म्हणजेच त्या कवितेची स्त्रीप्रतिमा पाहणे होय. वेगळा शोध घ्यावा लागत नाही.

येथेच एक प्रसंग सांगते. कोल्हापूरकडून आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी उभी राहून 'मॅडम, मी काल आलो' म्हणाली आणि वर्ग हसला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात अनेक मुली आणि बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. शेजारच्या कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते, म्हणून तो तिकडचा परिणाम असावा, असे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते कितपत पुरेसे आहे, हा भाषावैज्ञानिकांचा विषय आहे. मला त्या दिवशी एवढेच करता आले की तिचे वाक्य मी दुरुस्त केले नाही. ते फळ्यावर लिहिले, शेजारी 'मी आले' लिहिले, आणि हसणाऱ्यांना विचारले की यांतले शुद्ध कोणते आणि ते कोणी ठरवले. प्रमाण मराठीने बाईकडून वेगळे क्रियापद मागितले आहे, आणि त्याच राज्यातली एक बोली ते मागत नाही, हे वर्गातल्या प्रत्येकाला त्या तासाला कळले. पुढे बहिणाबाई चौधरींची 'अरे संसार संसार' वाचताना 'मियते भाकर' मधला 'य' हसण्याचा विषय झाला नाही. खानदेशातल्या मुलांनी 'मिळते'चे 'मियते' आपल्या घरात ऐकलेले होते, आणि आता ते मोठ्याने वाचायला त्यांना संकोच वाटला नाही.

आता मुलग्यांविषयी. तुम्ही लिहिले आहे की ते मान खाली घालतात. माझ्याही वर्गात घालत असत, आणि बरीच वर्षे मी त्याचा दोष त्यांना देत राहिले. नंतर लक्षात आले की आपण त्यांना दोनच भूमिका देऊ करत होतो, आरोपी होण्याची किंवा माफी मागण्याची; कवितेचा वाचक ही तिसरी भूमिका त्यांना मिळालीच नव्हती. हे बदलले ते भोंडल्याच्या एका गाण्याने. 'कारल्याचं बी पेर गं सूनबाई, मग जा आपुल्या माहेरा माहेरा' हे गाणे आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. सासू अट घालते, सून ती पुरी करते, 'बी पेरलं हो सासूबाई, आता तरी धाडा ना' म्हणते, आणि लगेच पुढची अट येते : कोंब येऊ दे, वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर. मी या गाण्यातल्या अटी फळ्यावर लिहीत होते. तेव्हा सहसा न बोलणारा एक मुलगा, ज्याच्या घरी भाजीपाल्याची शेती होती, म्हणाला की मॅडम, बी टाकल्यापासून कारले तोडायला यायला दोन महिने लागतात, आणि वेलाला आधी मांडव करावा लागतो. वर्ग गप्प झाला. आम्ही सगळे ते गाणे तोवर सासू-सुनेच्या नोकझोकीचे म्हणून ऐकत आलो होतो. त्या मुलाने त्यातला काळ मोजून दाखवला. गाण्याच्या एका कडव्यात आठवडे जातात आणि सून तितके दिवस माहेरची वाट पाहत राबते, हे त्याच्या शेतीच्या ज्ञानाशिवाय आम्हाला दिसले नसते.

त्यानंतर व्याकरण पुन्हा काढले. सासू 'पेर', 'कर' अशी एकवचनी आज्ञार्थी रूपे वापरते. सून 'धाडा' असे आदरार्थी म्हणते. सुनेच्या उत्तरातले 'पेरलं' बियाशी जुळते, आणि वर्गात आलेल्या कोणत्याही पाठात तिच्या तोंडी 'मी' हा शब्द नाही. काम झाल्याचे ती सांगते, आपण केल्याचे सांगत नाही. विद्यार्थ्यांना आपापल्या घरून पाठ लिहून आणायला सांगितले, तेव्हा शेवटही वेगवेगळे आले. एका पाठात फणी आणून वेणी घालून तिला माहेरी पाठवतात, दुसऱ्यात तिच्या पाठीत काठी बसते. दोन्ही शेवट एकाच चालीवर, फेर धरून, हसत-खेळत म्हटले जातात. या गाण्यावर परीक्षेत कोणीही घोषणा लिहिली नाही, कारण लिहिण्यासारखे पुष्कळ काही त्यांच्या स्वतःच्या वहीत आधीच होते.

मुलग्यांसाठी आणखी एक वाट उपयोगी पडते, ती म्हणजे पुरुषांनी बाईच्या क्रियापदात लिहिलेली कविता. ज्ञानदेवांच्या विराण्या, म्हणजे विरहिणीच्या तोंडची पदे, आहेत, रामजोशी आणि होनाजी बाळा यांच्या लावण्या आहेत. विराणीतली 'मी' आणि लावणीतली 'मी' दोन्ही व्याकरणाने स्त्री आहेत आणि दोन्ही पुरुषांनी रचलेल्या आहेत, पण एकीत स्त्रीरूप ईश्वराच्या ओढीसाठी घेतले आहे आणि दुसरीत श्रोत्यांच्या रंजनासाठी. कोणाच्या तोंडी कोणी कोणते क्रियापद घातले, हा प्रश्न मुलगे विलक्षण उत्साहाने चर्चेला घेतात. विंदा करंदीकरांची 'झपताल' ही कविताही मी याच ओघात घेत असे. घरात पहाटेपासून वावरणाऱ्या पत्नीच्या हालचालींत नवऱ्याला ताल ऐकू येतो. ती कविता मला प्रिय आहे, आणि त्यात बोलणारा 'मी' स्वतः त्या घरकामात कोठे आहे, हा प्रश्न विचारल्याने ती माझ्यासाठी लहान झाली नाही.

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध मात्र थोड्या तयारीने द्यावा. बुलढाण्याच्या ताराबाईंनी तो १८८२ साली प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर वृत्तपत्रांत समस्त स्त्रीजातीवर जी झोड उठली होती, ती त्यामागची ठिणगी होती. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, पण पुस्तक नंतर विस्मरणात गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा वाचकांपुढे आणले. त्यातल्या रागाने मुलगे सुरुवातीला दुखावतात. म्हणून मी आधी त्याची भाषा वाचायला देते : थेट 'तुम्ही' म्हणून पुरुषांना केलेले संबोधन, एकामागून एक फेकलेले प्रश्न, बोलीतले शब्द. भांडणाची मराठी इतक्या सामर्थ्याने छापील गद्यात आणणारी ही बाई कोण होती, या कुतूहलाने ते पुस्तकात शिरतात, आणि मग आरोपही ऐकून घेतात.

जातीचा प्रश्न वेगळा काढता येत नाही, आणि येथे माझ्या हातून झालेली एक गंभीर चूक तुम्हाला सांगितली पाहिजे. महार समाजातल्या संत सोयराबाईंचा 'देहासी विटाळ म्हणती सकळ' हा अभंग शिकवताना, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मी वर्गातल्या एका दलित मुलीकडे वळून 'तुला काय वाटते' असे विचारले. हेतू चांगला होता. ती काही बोलली नाही आणि पुढचा आठवडाभर तासाला आली नाही. मी तिला कवितेची वाचक न मानता कवितेचा पुरावा मानले होते. तेव्हापासून मी नियम पाळला : वर्गात कोणालाही स्वतःच्या अनुभवाबद्दल बोलायला सांगायचे नाही, प्रश्न नेहमी ओळीबद्दल विचारायचा. कोणाला स्वतःहून बोलायचे असेल तर ऐकायचे, आणि वर्गाबाहेर त्याची वाच्यता करायची नाही. सोयराबाईंच्या अभंगात विचारण्यासारखे पुष्कळ आहे. 'विटाळ' हा एकच शब्द जातीच्या स्पर्शाला आणि मासिक पाळीला लावला जातो, आणि 'देहीचा विटाळ देहीच जन्मला' ही ओळ दोन्ही अर्थांना एकाच वेळी उत्तर देते. सोयराबाई जातीबद्दल बोलतात की बाईच्या देहाबद्दल, असा वाद वर्गात एकदा तासभर चालला, आणि तो सुटला नाही याचे मला समाधान आहे.

या अभंगाजवळ मुक्ता साळवे यांचा निबंध ठेवावा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या बायकांची थंडी आहे. जात आणि लिंगभाव एकमेकांत गुंतलेले असतात, हे शर्मिला रेगे यांनी पुण्याच्या विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवले आणि त्यावर मूलभूत लेखन केले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात १९८९ साली आणल्या. हे सैद्धान्तिक लेखन तुम्ही अवश्य वाचा, सतत वाचा. वर्गात ते आधी आणू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. एस.एन.डी.टी. विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले, तेव्हापासून या विषयाची सगळी ताकद विद्यापीठाबाहेरच्या बायकांचे बोलणे ऐकण्यात राहिली आहे. मराठीच्या शिक्षकाकडे ते ऐकण्याचे साधन घरचेच आहे.

जात्यावरच्या ओव्यांबद्दल हे विशेष करून म्हणते. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढा मोठा संग्रह उपलब्ध असतानाही मी प्रत्येक वर्षी विद्यार्थ्यांना घरून पाच ओव्या आणायला लावत असे. पुष्कळ मुले हात हलवत येत. आजीला आठवत नाही म्हणत. मग एका मुलीने युक्ती काढली. तिने कोपऱ्यात पडलेले जाते धुऊन आजीपुढे ठेवले आणि खुंटा तिच्या हातात दिला. दळण सुरू झाले तशा ओव्या येऊ लागल्या. हात थांबला की शब्दही थांबत. गिरणी आली आणि ओवी गेली हे वाक्य आपण पुस्तकांत वाचतो. कविता शरीराच्या कोणत्या हालचालीत साठवलेली असते, हे त्या मुलीने प्रकल्पाच्या वहीत दीड पानात लिहिले होते, आणि मला त्या वर्षात वाचायला मिळालेले ते सर्वांत मोलाचे लेखन होते.

परीक्षेच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. 'अमुक कवयित्रीच्या कवितेतील स्त्रीवादी जाणिवा स्पष्ट करा' हा प्रश्न घोषणाच मागतो, मग घोषणा मिळाल्या तर तक्रार करता येत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे प्रश्न तुमच्या हातात आहेत. 'जाईन' आणि 'झाले' यांतला फरक अभंगाच्या अर्थाला काय देतो, असे विचारा. सुनेच्या तोंडी एक वाक्य 'मी'ने सुरू करून लिहा आणि गाण्यात काय बदलले ते सांगा, असे विचारा. अशी उत्तरे तपासायला वेळ जास्त लागतो, परंतु ती एकसारखी नसतात, त्यामुळे तपासण्याचा शीण कमी होतो.

तुमच्या वेळाबद्दलही बोलले पाहिजे. स्त्री-अभ्यास शिकवणाऱ्या बाईकडे महाविद्यालयात स्त्री या शब्दाशी संबंधित प्रत्येक काम येते : ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, ८ मार्चचा महिला दिन, त्या दिवशीची रांगोळी, आणि अंतर्गत तक्रार समितीही. यांतले शेवटचे काम कधी टाळू नका. लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २०१५चे आहेत. दोन्ही मुळातून वाचा, कारण कविता वाचणारी मुलगी एक दिवस तुमच्या दाराशी येईल आणि तेव्हा तिला कवितेची गरज नसेल, कार्यपद्धतीची असेल. तिचे ऐकून घ्या, पण तपास करणारी आणि धीर देणारी अशा दोन्ही भूमिका एकटीने घेऊ नका; समुपदेशकाकडे पाठवणे म्हणजे तिला झिडकारणे नव्हे. बाकीची कामे पुरुष सहकाऱ्यांमध्ये आळीपाळीने वाटून देण्याचा आग्रह लेखी धरा. सावित्रीबाईंच्या जयंतीचे भाषण गणिताच्या सरांनी केले तर काहीही बिघडत नाही.

आता तुमची कविता. शिक्षकाच्या कामाने कविता मरते, असे मला वाटत नाही. मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ साली आला, तेव्हा त्या २३ वर्षांच्या होत्या आणि शाळा चालवत होत्या. इंदिरा संत बेळगावात अध्यापनाचेच काम करत होत्या आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रह त्याच काळातले आहेत. अडचण वेळेपेक्षा शब्दांची असते. दिवसभर वर्गात शोषण, अस्मिता, जाणीव, अवकाश हे शब्द वापरले की संध्याकाळी वहीत तेच आधी येऊन बसतात. माझी स्वतःची कविता सहा वर्षे थांबली होती, आणि ती पुन्हा सुरू झाली ती विद्यार्थ्यांच्या ओव्या हाताने उतरवून घेताना. म्हणून एवढेच सुचवते की ज्या दिवशी जी कविता शिकवली, त्या दिवशी त्या विषयावर लिहू नये. आणि दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे उतरवण्यासाठी एक वेगळी वही ठेवावी. कवी म्हणावे की कवयित्री, असेही तुम्ही विचारले आहे. जो शब्द तुमच्या नावापुढे तुम्हाला सरळ वाटतो, तो लावा. मी कवयित्री लावते, कारण मराठीची आद्य कवयित्री मानल्या जाणाऱ्या महदंबेपासूनच्या सगळ्या बायकांशी तो शब्द मला जोडतो.

तुम्ही पाठवलेली अपुरी कविता मी चार वेळा वाचली. अकरा ओळींत स्वयंपाक झाला आहे, दिवा लागला आहे, वह्या तपासून झाल्या आहेत, आणि शेवटी 'दार लोटले' येथे ती थांबली आहे. सगळी कामे झालेली आहेत आणि करणारी कोठेही नाही. कदाचित तुम्हाला हेच म्हणायचे असेल. तसे असेल तर कविता पुरी झालेली आहे आणि तिला हात लावू नका. पण ती अडली आहे असे तुम्ही म्हणता, म्हणून शेवटची ओळ तीन प्रकारांनी लिहून पाहा : 'मी दार लोटले', 'मी दार लोटते', 'मी दार लोटीन'. पहिलीत क्रियापद दाराशी जुळते, दुसरीत तुमच्याशी, आणि तिसरीत अजून कोणाशीच जुळलेले नाही. तिन्ही मोठ्याने वाचा, आणि जिच्यापाशी आवाज अडखळेल तेथून बारावी ओळ लिहायला घ्या.